मदत हवी आहे: कोकोपीटमधली मिरचीची रोपं पिवळी पडून थांबली आहेत, वाढच नाही

नवी_रोपं
भाऊ, जरा अर्जंट आहे. यंदा पहिल्यांदाच रोपं घरी करतोय. ९८ कपांचे चाळीस ट्रे कोकोपीटने (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरले, मिरची लावली, उगवण एकदम मस्त झाली. आता तीन आठवडे होत आले आणि दोन खऱ्या पानांवर येऊन सगळी थांबली आहेत. पानं पिवळट, काहींच्या कडा जळाल्यासारख्या. रोज दोन वेळा पाणी देतोय, तरी रोज थोडी थोडी जातायत. कृषी केंद्रातून एक टॉनिक आणून मारलं, काडीचा फरक नाही. शेत तयार आहे, बेड पाडले, ड्रिप अंथरलं, पाऊस पडला की लागवड. काय मारू ते लवकर सांगा. फोटो जोडलाय.

काळीमाती
फोटो उघडत नाही. रोपं बुडातून आडवी पडतात की उभीच वाळतात? खालची पानं पिवळी की शेंड्याची? कोकोपीट धुतलं होतं का? खत काय, किती दिलं? पाणी कुठलं? गाव कुठलं? यातलं काहीच लिहिलं नाहीस. ‘काय मारू’ हा प्रश्न या सगळ्याच्या नंतरचा आहे.

फवारणीवाले_काका
मर (रोपं मारणारा बुरशीचा रोग) आहे, दुसरं काही नाही. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी मारलं की बुरशी येणारच. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम घ्या आणि ट्रेमध्ये आळवणी करा. आजच करा, उद्यावर टाकू नका.

वऱ्हाडी_गडी
कोकोपीटच्या भानगडीत पडलाच कायले भाऊ? आमच्या आज्यापासून गादीवाफ्यावर रोपं टाकतेत. वाफ्यात चाळलेलं शेणखत टाकाव, वरतून गवताचं आच्छादन, झारीनं पाणी. मिरचीचं रोप असं दणकट येते का इचारू नका. हे ट्रे, हे कोकोपीट, सारा इकणाऱ्याचा धंदा हाय.

रोपवाला
वऱ्हाडी_गडी, आज्याच्या काळी बी घरचं होतं, शंभर वाया गेलं तरी चालायचं. आता हायब्रीडचं बी इतकं महाग आहे की एकेक दाणा मोजून लावावा लागतो. ट्रेमधून रोप मुळाच्या गड्ड्यासकट निघतं आणि लागवडीनंतर मान टाकत नाही. गादीवाफ्यातून उपटलेल्या रोपाची अर्धी पांढरी मुळी मातीतच राहते. माझी स्वतःची रोपवाटिका आहे म्हणून सांगतो, दोन्ही प्रकार करून पाहिलेत.

वऱ्हाडी_गडी
तुमची रोपवाटिका हाय म्हणूनच सांगता ना तुमी असं.

नवी_रोपं
अहो भांडू नका, माझी रोपं चालली आहेत. उभीच वाळतात, आडवी पडत नाहीत. शेंड्याची पानं जास्त पिवळी. ठोकळ्यावर ‘धुतलेलं’ असं छापलं होतं म्हणून फक्त फुगवलं आणि भरलं. खत एकदाच दिलं, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), कारण व्हिडिओत सांगितलं होतं की रोप लहान असेपर्यंत खताची गरज नसते. पाणी बोअरचं. त्यात काही नाही, आमची गुरं तेच पितात.

जंभेरी
आमच्याकडे वरुडला संत्र्याची कलमं जंभेरीच्या खुंटावर करतात. जंभेरीची रोपंसुद्धा कोवळी असताना अशीच पिवळी दिसतात, मग सावरतात. धीर धरा. आणि रोपांवर ४० मेशची कीटकरोधक जाळी लावा. फुलकिडे आणि पांढरी माशी ट्रेमध्येच शिरली तर पुढे शेतात कोकडा (पानं आखडण्याचा रोग) येतो आणि मग कितीही फवारा, झाड सुधारत नाही. आमच्या एका शेजाऱ्याचा मिरचीचा अख्खा प्लॉट मागच्या वर्षी बोकडला.

काळीमाती
जाळीचा सल्ला बरोबर आहे, पण त्याने जाळीबद्दल विचारलंच नाही. रोप उभं वाळतंय, म्हणजे काका, ही मर नाही. मर असेल तर बूड पाणचट होऊन बारीक पडतं आणि रोप आडवं होतं. आजारी रोपावर कॉपरचा भार टाकू नका. नवी_रोपं, गाव सांग.

फवारणीवाले_काका
मरेचे दहा प्रकार असतात. मी तीस वर्षं मिरची केली आहे.

गच्ची_नागपूर
मी गच्चीवर कोकोपीटमध्ये टोमॅटो आणि ढोबळी मिरची करते, म्हणून थोडं लिहिते. नवी_रोपं, ‘लहान रोपाला खत नको’ हे मातीसाठी ठीक आहे. कोकोपीटमध्ये रोपाच्या कामाचं अन्न जवळजवळ नसतंच. दलपत्रांतला (बी उगवताना निघणाऱ्या पहिल्या दोन पानांतला) साठा संपला आणि पहिली खरी पानं उघडली की हलकं खत सुरू करावंच लागतं.

आणखी एक. कोकोपीट आणि रोपं असं इंग्रजीत शोधलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले, गांजा लावणाऱ्यांचे निघतात. तिकडे काही राज्यांत त्याला परवानगी आहे. ते लोक कोकोपीटवर फार बारकाईने काम करतात: प्रत्येक पाण्यातून हलकं खत, पाण्याचा पीएच ५.८ ते ६.२, आणि सोबत कॅल्शियम-मॅग्नेशियम. ही माहिती मिरचीलाही लागू पडते. पण त्यांचं गृहीत एकच असतं, की मुळात पाणी चांगलं आहे.

शिस्तप्रिय
या धाग्यावर गांजाचा विषय नको. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे. नवखी पोरं वाचतात. संपादकांनी लक्ष द्यावं.

गच्ची_नागपूर
मी लावा म्हटलंच नाही. कोकोपीटबद्दलची माहिती कुठून येते तेवढं सांगितलं.

नवी_रोपं
व्हिडिओ इंग्रजीच होता, कसलं झाड होतं ते मी नीट पाहिलं नाही. गाव दर्यापूर तालुक्यात. त्याचा काय संबंध?

काळीमाती
सगळा संबंध त्याचाच आहे. तू खारपाणपट्ट्यात आहेस आणि बोअरचं पाणी देतोयस. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलढाण्याचा हा पट्टा, इथे जमिनीखालचं पाणी खारट आहे आणि त्यात सोडियम भरलेला. गुरं पितात कारण गुराला तेवढं मीठ चालतं. वीतभरही नसलेल्या रोपाला चालत नाही.

आत्ता उठ आणि हे बघ. ट्रेचा वरचा थर वाळल्यावर पांढुरका दिसतो का? कपाच्या कडेला आणि खालच्या भोकाभोवती मिठासारखी पापडी धरली आहे का? मग एक रोप गड्ड्यासकट वर काढ. मुळी पांढरी आणि केसाळ आहे की टोकाला तपकिरी होऊन आखडली आहे?

रोपवाला
काळीमाती बरोबर बोलतायत. मी त्यात भर घालतो. नारळाच्या काथ्याच्या भुशात मुळातच पोटॅश आणि मीठ असतं. नारळाची सोडणं (वरची सालं) पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे ते वाढतं. म्हणून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचं आणि शेवटच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेट टाकून रात्रभर ठेवायचं. कॅल्शियम भुशाला धरून बसतो आणि सोडियम-पोटॅश सुटून वाहून जातं. तुझ्याकडे उलटं झालं. भुसा धुतलेला असेलही, पण तू रोज दोन वेळा झारीने त्यात सोडियम भरतोयस. उन्हाने पाणी उडतं, मीठ कपातच राहतं. एवढासा कप, किती दिवस पुरणार?

वऱ्हाडी_गडी
आता हे खरं हाय. आमच्या मामाचं गाव तिकडंच, बोअरच्या पाण्यात दाळ शिजत नाई. तुले हे ठाऊक नव्हतं का बापा?

नवी_रोपं
आत्ता पाहून आलो. पापडी आहे. भोकाभोवती बोट फिरवलं तर पांढरं लागतं, जिभेला खारट. मुळ्या टोकाला तपकिरी आहेत, पण आत थोडी पांढरी मुळी दिसते. गावातल्या आरओवाल्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) होतं. बोअरचं पाणी २,३०० दाखवतं, घरच्या नळाचं (शहानूर धरणाचं येतं) २१० च्या आसपास. आता काय करू?

जिप्समवाला
खारपाणात जिप्समशिवाय पर्याय नाही. कृषी विद्यापीठही तेच सांगतं. प्रत्येक ट्रेवर चमचाभर जिप्सम भुरभुरा.

रोपवाला
जिप्सम शेतातल्या चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीसाठी आहे आणि तिथे त्याचा उपयोग होतोच. ट्रेमध्ये नको. जिथे आधीच क्षार जास्त झालेत तिथे आणखी क्षार टाकून रोप वाचणार नाही.

फवारणीवाले_काका
बोअरच्याच पाण्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड टाकून पीएच खाली आणला तर? आमच्या ओळखीचे द्राक्षवाले करतात.

काळीमाती
काका, हा मुद्दा रास्त आहे, पण निम्माच. अ‍ॅसिडने पाण्यातला बायकार्बोनेट जातो, पीएच उतरतो, लोह रोपाला मिळू लागतं. शेंडा पिवळा पडतोय त्यात लोहाचाही भाग असणार. पण सोडियम अ‍ॅसिडने जात नाही, तो पाण्यातच राहतो. २,३०० टीडीएसच्या पाण्याला माझ्या मते रोपवाटिकेत जागाच नाही. मिरची मिठाला नाजूक पीक आहे, पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचंच दुसरं माप) १ च्या वर गेला की उत्पादनावर परिणाम सुरू होतो. तुझं पाणी साडेतीनच्या आसपास असेल.

नवी_रोपं, आता क्रम सांगतो. आजपासून बोअर बंद, फक्त नळाचं पाणी. उद्या सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, ट्रे विटांवर किंवा बल्ल्यांवर उचलून ठेव, म्हणजे खालून निचरा होईल. बारीक झारीने नळाचं पाणी सावकाश सोड, खालच्या भोकातून धार लागेपर्यंत. अर्धा तास थांब, पुन्हा तसंच. खाली थाळी धरून गळालेलं पाणी त्याच मीटरने मोज. पहिलं गळणारं पाणी हजारांत दाखवेल. ते सहाशे-सातशेच्या खाली आलं की थांब. मग ट्रे सावलीत निथळू दे आणि त्या दिवशी पुन्हा पाणी नको.

रोपवाला
त्यानंतर एक दिवस सोडून १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, नळाच्या पाण्यात. दोन-तीन दिवसांनी कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम. दोन्ही एका बादलीत कालवू नको, कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की गाळ बसतो. टॉनिक बंद कर. पाणी घड्याळ बघून नाही, हात लावून दे. कपातलं कोकोपीट चिमटीत दाबलं की एखाद-दुसरा थेंब यायला हवा. धार आली तर पाणी जास्त, काहीच नाही आलं तर दे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा दुपारी वरचा थर वाळलेला दिसतो, पण खाली ओल असते. वरचं बघून पाणी मारत राहिलं की मुळी गुदमरते.

गच्ची_नागपूर
शेडनेट किती टक्क्यांची आहे? ५० टक्के पुरते. ७५ लावली असेल तर रोपं लांबट आणि लुळी होतील.

नवी_रोपं
शेडनेट नाही, आईच्या जुन्या साड्या बांधल्या आहेत. धुणं केलं, पहिलं गळालेलं पाणी ३,००० च्या वर होतं, माझा विश्वासच बसेना. नळ एक दिवसाआड येतो म्हणून ड्रम भरून ठेवलेत. आरओवाला म्हणतो त्याच्याकडचं वाया जाणारं पाणी फुकट नेऊ शकतो. नेऊ का?

रोपवाला
अजिबात नको! आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त मीठ असतं.

काळीमाती
पहिला पाऊस झाला की टिनावरचं पाणी ड्रममध्ये धर. सुरुवातीची सर धुळीची असते, ती जाऊ दे, पुढचं घे. रोपांना त्याहून चांगलं पाणी मिळणार नाही.

आणि मला सांग, शेतात जे ड्रिप अंथरलंस ते कोणत्या पाण्यावर आहे?

नवी_रोपं
त्याच बोअरवर.

वऱ्हाडी_गडी
घ्या आता.

काळीमाती
मग रोपं वाचवून पुढे काय? पावसाळ्यात पाऊस मीठ धुवून नेईल, पण चोपण काळ्या जमिनीत निचरा कमी. सप्टेंबरनंतर ड्रिपने तेच पाणी दिलंस की मीठ मुळाशी साठत जाणार. आसपास शेततळं आहे का? तुमच्या पट्ट्यात शेततळं करणारे त्यासाठीच करतात. आणि लागवडीआधी बोअरच्या पाण्याची आणि मातीची तपासणी करून घे. घातखेड किंवा दुर्गापूरचं कृषी विज्ञान केंद्र तुला जवळ पडेल. टीडीएस मीटरवर एकूण क्षार कळतात. सोडियम आणि बायकार्बोनेट किती ते प्रयोगशाळेतच कळेल.

नवी_रोपं
माझ्या सख्ख्या काकाच्या वावरात शेततळं आहे, आमच्या बांधाला लागूनच. त्यांना हरभऱ्यासाठी पाणी लागतं, पण विचारतो. नाही म्हटले तर अर्ध्या रानात मिरची लावून बाकीचं कपाशीला ठेवतो.

रोपांचं सांगायचं तर जी अगदी करपली होती ती गेलीच, सात-आठ ट्रेंमध्ये फार नांगे (रिकामे कप) पडलेत. बाकीच्यांत शेंड्यातून नवीन पान निघतंय आणि ते हिरवं आहे. जुनी पिवळी पानं तशीच आहेत. ती परत हिरवी होतील का?

रोपवाला
जळालेली कड हिरवी होत नाही, तिकडे बघूच नको. नवीन पान आणि पांढरी मुळी या दोनच गोष्टी बघ. रोप ३५ ते ४० दिवसांचं, पेन्सिलीच्या शिसाएवढं जाड झालं की लाव. तुझं आठवडाभर मागे पडेल, चालतं. लागवडीच्या आधी चार-पाच दिवस साड्या काढून टाक आणि पाणी थोडं कमी कर.

तेल्हारा_१
माझीही वांग्याची रोपं अशीच दिसतायत, बोअरचंच पाणी आहे. मीटर कितीला मिळतं? आणि शेडनेटला अनुदान सुरू आहे का सध्या?

काळीमाती
मीटर विकत घ्यायची घाई नको, आधी गावातल्या आरओवाल्याला गाठ. अनुदानासाठी तालुका कृषी कार्यालयात विचार आणि इथे वेगळा धागा काढ. पण पाणी आजच बदल.