पुन: पुन: गणपतीचा हॉल, चेक परत आलाय (तातडीचे)

मेघना, सोमवार, १२ मे २०१४

मंडळी, गणपतीसाठी घेतलेल्या चर्चच्या हॉलच्या डिपॉझिटचा चेक परत आलाय. बाउन्स नाही झाला, चर्चचा कारभार बघणाऱ्या वॉर्डनबाईंनी पोस्टाने परत पाठवला. सोबत चिठ्ठी : "या नावाचा डायोसिस आता अस्तित्वात नाही." आपण चेक 'ब्रॅडफर्ड डायोसिस'च्या नावाने काढला होता, कारण करारपत्राच्या डोक्यावर तेच छापलंय (डायोसिस म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा चर्चचा प्रांत). तिथले व्हिकर, म्हणजे पाद्री, फेब्रुवारीत रिटायर झाले, नवे आलेले नाहीत. चतुर्थी २९ ऑगस्टला, शुक्रवारी. मला तिन्ही दिवस हवेत. आता करार कोणाशी करायचा ते शुक्रवारपर्यंत सांगा.

सुधीर, सोमवार

मी वार्षिक सभेत बोललो होतो, इतिवृत्तात आलं नाही. ईस्टरला, २० एप्रिलला, ब्रॅडफर्ड, वेकफिल्ड आणि रिपन अँड लीड्स हे तिन्ही डायोसिस विसर्जित झाले आणि 'वेस्ट यॉर्कशायर अँड द डेल्स' असा एकच झाला. जी संस्थाच उरली नाही तिच्याशी केलेला करार रद्दबातल. माझं मत : थेट बिशप निक बेन्स यांना लिहावं. आजवर ते ब्रॅडफर्डचेच बिशप होते, आपल्याला परके नाहीत. ८ जूनला यॉर्क मिन्स्टरमध्ये नवा कारभार सुरू होतोय, तोवर थांबू. मी खजिनदार असताना चेक असे परत येत नसत.

उज्ज्वला, सोमवार रात्री

सुधीरदादा, बिशपना कशाला? हॉल पॅरिशचा, म्हणजे स्थानिक चर्चचा आहे. भाड्याने द्यायचा की नाही हे व्हिकर आणि पीसीसी, म्हणजे चर्चची समिती, ठरवतात. व्हिकरची जागा रिकामी असली की वॉर्डन आणि एरिया डीन (आसपासच्या चर्चेसवर लक्ष ठेवणारे पाद्री) कारभार बघतात. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असता तर डायोसिसची संमती लागली असती. आपल्याला तीन दिवस हवेत. करारावर सहीसुद्धा पीसीसीच्या सेक्रेटरीची आहे, वरचं छापील नाव कोणी वाचतं का? चेक पीसीसीच्या नावाने काढा.

वर काय झालंय तेही सांगते. एका बिशपच्या हाताखाली पाच विभाग केलेत : ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, लीड्स, रिपन, वेकफिल्ड. प्रत्येकाला आपापला विभागीय बिशप आणि आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ अधिकारी). तीन ऑफिसं, तीन हिशेब चालवण्यापेक्षा एक, हा विचार. आपल्याकडचे विभागीय बिशप अजून यायचेत. म्हणजे सुधीरदादांचं पत्र कोणाच्या टेबलावर पडेल देव जाणे.

प्रकाश, मंगळवार

उज्ज्वलाताई, 'एक ऑफिस' म्हणजे लीड्सचं, हे स्पष्ट लिहा की. आमच्या वेकफिल्डच्या सिनॉडने, म्हणजे डायोसिसच्या सभेने, गेल्या वर्षी या योजनेच्या विरोधात मत दिलं होतं. तरीही यॉर्कचे आर्चबिशप सेंटामू यांनी ती चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडपुढे नेली आणि जुलैत ती मंजूर झाली. बिशपची पदवी लीड्सची. आणि गंमत म्हणजे लीड्समध्ये त्यांचं कॅथेड्रलच (बिशपचं मुख्य चर्च) नाही! तिन्ही कॅथेड्रलं ब्रॅडफर्ड, वेकफिल्ड आणि रिपनला. भांडी आमची, स्वयंपाकघर त्यांचं. आपलं मंडळ लीड्सच्या मंडळात विलीन करायचा विषय पुन्हा निघेल तेव्हा मी याच मेलची आठवण करून देईन.

रेवती, मंगळवार

प्रकाशकाका, वेकफिल्ड १८८८ साली रिपनमधूनच फुटून निघालं, ब्रॅडफर्डही १९१९ साली त्याच घरातून. म्हणजे धाकटे भाऊ घरी परतले म्हणा. आणि एकत्र यायचंच तर आमच्या नागपूरकडे बघा : १९७० साली २९ नोव्हेंबरला तिथे सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. सगळं सुरळीत.

उज्ज्वला, मंगळवार

रेवती, सुरळीत?? मी नगरची. आमच्याकडे एक अँग्लिकन आणि एक अमेरिकन मिशनवाले, भिंतीला भिंत नसली तरी हाकेच्या अंतरावर. नागपुरात सह्या झाल्या, पण प्रभुभोजनाला एकच प्याला फिरवायचा की प्रत्येकाला छोटा पेला द्यायचा, यावर माझे वडील आणि त्यांचे साडू शेवटपर्यंत बोलत नव्हते. वरचा कागद बदलायला एक दिवस पुरतो. पेल्याचं मला माहीत नाही.

असो, वॉर्डनबाईंना फोन केला. पीसीसीची बैठक पुढच्या मंगळवारी आहे. समई चालेल, खाली ताट हवं. कापूर आणि धूप नको, गेल्या वेळचा अलार्म त्या विसरलेल्या नाहीत. आणि नव्या फॉर्मवर 'कार्यक्रमाचा उद्देश' असा रकाना आहे. तिथे काय लिहायचं?

सुधीर, मंगळवार

'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहा. विषय संपला. अन्य धर्माची उपासना म्हटलं की कोणीतरी हात वर करणार, ते आर्चडीकनपर्यंत जाणार.

उज्ज्वला, मंगळवार रात्री

नाही लिहिणार. दर रविवारी मी त्याच चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसते, या वॉर्डनबाईंच्या शेजारी. तीन वेळा आरती म्हणायची आणि कागदावर नाच-गाणी लिहायची, हे मला जमणार नाही. हॉल चर्चपासून वेगळा आहे, तिथे बुधवारी योगाचा वर्ग भरतो. खरं विचारू. नाही म्हणाले तर शाळेचा हॉल बघू.

अनिकेत, बुधवार

मोदकांचा स्टीमर अलार्मला चालतो का?

मेघना, बुधवार

अनिकेत, घरून उकडून आण.

फॉर्म पाठवला. 'गणेशोत्सव, आरतीसह' असं लिहिलंय. चेक पीसीसीच्या नावाने काढलाय. मंगळवारपर्यंत कोणीही, कृपा करून, चर्चमधल्या कोणालाही मेल करू नका. सुधीरदादा, विशेषतः तुम्ही बिशपना.

सुधीर, बुधवार

कालच केला. प्रत आर्चडीकनना.