मदत हवी आहे: मुलाखतीचे गुण किती धरायचे?

नागपुरात आमच्या ट्रस्टचा रुग्णसहाय्यकांचा छोटा कोर्स आहे. जागा २०, अर्ज साधारण ६०. नीट-सीईटीचा संबंध नाही, निवड आम्हीच करतो: निम्मे गुण बारावीचे, निम्मे मुलाखतीचे.

घोळ मुलाखतीतच आहे. गेल्या वर्षी काटोलकडच्या एका मुलीला एका परीक्षकाने २० पैकी १७ दिले, शेजारच्याने ९. कारण काय, तर 'कम्युनिकेशन कमी'. पोरगी वऱ्हाडीत बोलली, एवढंच! आज वॉर्डातल्या आजीबाई तिलाच हाक मारतात.

यंदा सगळ्यांना तेच प्रश्न विचारून पाहिले, आपसात बोलण्याआधी गुण लिहायला लावले. फरक थोडा कमी झाला, गेला नाही. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातली एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, म्हणजे अनेक छोट्या मुलाखती) पद्धत वाचली: एका पॅनेलऐवजी दहाएक छोटी स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रसंग आणि वेगळा परीक्षक. पटलं, पण आमच्याकडे परीक्षक पाच, खोल्या तीन (चौथं स्टेशन व्हरांड्यात) आणि एकच रविवार. सहा-सहा मिनिटांची चार स्टेशनं धरली तरी ६० जणांना सहा तास लागतात, जेवण वेगळं. मुलाखत बंद करता येणार नाही, ट्रस्टींना उमेदवार 'बघायचा' असतो.

ज्यांनी नर्सिंग, फिजिओ वगैरेसाठी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: चारच स्टेशनांवर गुण भरवशाचे येतात का? आणि परीक्षकांना बारावीचे मार्क आधी दाखवावेत की झाकून ठेवावेत?