अनुभव धागा: चीता, सियाचिन आणि उंचावरचं उड्डाण

उत्तरवारा
बर्फावर स्किड (चाकांऐवजी असलेल्या आडव्या दांड्या) टेकवून उभ्या असलेल्या चीता हेलिकॉप्टरचा फोटो आज कुणीतरी पाठवला आणि त्या इंजिनाचा आवाज पुन्हा कानात भरला. सैन्यातल्या हेलिकॉप्टर पायलटबद्दल बोलताना शौर्याचं खूप येतं, रोजचं काम कसं चालतं ते येत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना हे काम आतून माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा. सुरुवात मी हिशोबापासून करतो, कारण पायलटची सकाळ तिथूनच सुरू होते.

१८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. पात्यांना धरायला हवा कमी, इंजिनाला जाळायलाही कमी. वर तापमानाचा मार वेगळाच. लेहचा विमानतळ साधारण १०,७०० फुटांवर आहे. प्रमाण हवामानात, म्हणजे तक्ते ज्यावर बेतलेत त्या ठरीव हवामानात, तिथे उणे ६ अंश असायला हवेत. उन्हाळ्यातल्या दुपारी २० अंश असतील तर फरक २६ अंशांचा. दर जादा अंशाला अंदाजे १२० फूट धरा, म्हणजे ३,१०० फूट वाढले. उभे आहात लेहला, पण हेलिकॉप्टरच्या लेखी तुम्ही १३,८०० फुटांवर आहात. म्हणून वरची कामं पहाटे उरकतात. ऊन चढलं की हवा पातळ होते आणि दरीतून वारेही सुटतात.

गिरीशिखर
चालू गाडीत टाइप करतोय (मी चालवत नाहीये), चुका सांभाळून घ्या.

वजनाचं पुढे सांगतो. चीताचं कमाल वजन १,९५० किलो. पण हा आकडा खालचा. वरच्या चौक्यांसाठी त्या दिवसाचं तापमान घेऊन तक्त्यातून नवा आकडा काढायचा, त्यातून मशीन, दोन पायलट आणि इंधन वजा करायचं, उरेल तो माल. सर्वात उंच चौक्यांवर एखादा जेरीकॅनच उरतो. २० लिटर रॉकेल म्हणजे १६ किलो, वर डब्याचं वजन. तेवढ्यासाठी अख्खी फेरी! इंधनही जाऊन-येऊन आणि थोडं राखीव एवढंच. जादा ५० लिटर म्हणजे ४० किलो. तेवढ्यात एका चौकीचा माल बसतो.

निघताना हॉवरमध्ये (हवेत एका जागी स्थिर असताना) किती पॉवर लागली ते बघायचं. तक्त्यापेक्षा जास्त लागली तर कुणीतरी वजन चुकीचं सांगितलंय किंवा इंजिन थकलंय. दोन्ही बाबतीत वर जायचं नाही.

सोनचाफा
वाचतेय. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या 😄 लिहीत राहा सगळे.

स्वॉशप्लेट
चीता म्हणजे फ्रेंच लामा, एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीने परवान्याखाली बनवलेला. इंजिन आर्टुस्ट ३बी. याची खुबी अशी की इंजिन ८७० अश्वशक्तीचं, पण वापर ५५० वर बांधलेला. खाली असताना ते निम्म्याहून थोडं जास्तच राबतं. वर जाताना ताकद घटत जाते, तरी बराच वेळ ५५० मिळत राहतात. मोठ्या इंजिनाला मुद्दाम लहान काम दिलंय.

दुसरी गोष्ट, एकच शाफ्ट. कॉम्प्रेसर (हवा दाबणारा भाग) कायम मिनिटाला ३३,५०० फेऱ्यांवर, त्यामुळे कलेक्टिव्ह (मशीन वर-खाली नेणारा दांडा) ओढलं की ताकद तिथल्या तिथे मिळते. अनेक नव्या इंजिनांत रोटरपासून वेगळ्या शाफ्टवर फिरणाऱ्या गॅस जनरेटरला वेग घ्यायला क्षणभर लागतो. १९६९ मध्ये हिमालयातल्या प्रात्यक्षिकात लामा ७,५०० मीटरवर उतरून परत उडालं. १९७२ मध्ये फ्रेंच पायलट ज्यां बूले यांनी हलक्या केलेल्या लामात १२,४४२ मीटर गाठले. तिथे पॉवर कमी करताच इंजिन विझलं, पुन्हा पेटलं नाही आणि ते ऑटोरोटेशनने (इंजिनाविना, हवेच्या जोरावर पाती फिरत ठेवून) थेट जमिनीवर आले.

म्हणून "जुनाट मशीन" म्हटलं की वाईट वाटतं. जुनं आहेच, बदलायला हवंच. पण त्या उंचीचा विचार करूनच ते बनलं होतं. चीतल म्हणजे हेच मशीन, नव्या टीएम ३३३ इंजिनासह.

नाशिकरोड
उतरण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही? हे घ्या.

बर्फावर हॉवर करत बसायचं नसतं. रोटरच्या वाऱ्याने भुगा उडतो आणि चहूकडे पांढरं होतं, वर-खाली कळत नाही. आधी एक घिरटी उंचावरून: वारा कुठला, उतार किती, निघायची वाट कुठे. मग जवळून एक. आणि मग सरळ ॲप्रोच, नजर एका गडद वस्तूवर. म्हणूनच हेलिपॅडच्या कडेला जेरीकॅन ठेवतात. ती खूण दिसेनाशी झाली की लगेच निघायचं, मात्र निघण्यापुरती ताकद शिल्लक हवी.

वेग ३० नॉटच्या खाली, पॉवर लावलेली आणि खाली येण्याचा दर मिनिटाला ३०० फुटांच्या वर, हे तिन्ही जमले की व्होर्टेक्स रिंग. रोटर स्वतःच ढकललेल्या हवेत बुडतो. अशा वेळी कलेक्टिव्ह ओढावंसं वाटतं, आणि ओढलं की अजून बुडतो. उपाय म्हणजे सायक्लिक (मशीन पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणारा दांडा) पुढे, कलेक्टिव्ह कमी. पण त्यासाठी खाली जागा लागते, हेलिपॅडच्या तोंडाशी ती नसते. म्हणून दर आधीच आवरायचा.

टेकल्यावर कलेक्टिव्ह एकदम सोडायचं नाही. एक स्किड पोकळ बर्फात गेला तर मशीन तिरकं होतं. हळूहळू वजन टाकत बसवायचं. निघताना उलट, स्किड गोठून चिकटलेला असू शकतो. आधी पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारे) अगदी थोडे डावे-उजवे करून तो सुटलाय याची खात्री करायची. एक सुटला आणि एक अडकला की त्याच्याभोवती मशीन कलंडतं. कलंडायला लागल्यावर सायक्लिकने वाचत नाही, कलेक्टिव्ह खाली हाच उपाय.

उत्तरवारा
@नाशिकरोड, स्किडचं छान लिहिलंत. डोंगराची कड ओलांडताना तिला ४५ अंशांत तिरकं जायचं, हेही घाला.

नाशिकरोड
हो, राहिलंच. समोरासमोर गेलात आणि पलीकडून खाली ओढणारा वारा लागला तर वळायला १८० अंश हवेत. ४५ मध्ये असाल तर थोडं वळून दरीत परत.

गिरीशिखर
वर इंजिन बंद करत नाहीत हेही सांगा कुणीतरी. थंडीत बॅटरी बसली तर मशीन तिथेच. रोटर फिरता ठेवून अर्ध्या-एक मिनिटात माल खाली, आजारी जवान आत. आणि जोडीने जातात, एक अडकलं तर दुसरं आहे.

जवानांसाठी नियम: समोरून, पायलटच्या नजरेत, वाकून. शेपटीकडून कधीच नाही. उतारावर असाल तर खालच्या बाजूने या, वरच्या बाजूला पातं डोक्याच्या उंचीवर येतं.

सोनचाफा
मुलगी बारावीला आहे, तिला हेच करायचंय. विषय काय लागतात? उंचीने जरा कमी आहे हो.

खडकवासला१२
सोनचाफा ताई, बारावीला गणित-भौतिकशास्त्र हवं. एनडीए (बारावीनंतरची सैन्य अकादमी) २०२२ पासून मुलींना खुली आहे. पदवीनंतर वायुदलासाठी एएफसीएटी ही प्रवेश परीक्षा, फ्लाइंग शाखेला वय २० ते २४. नुसत्या उंचीवर जाऊ नका. पायांची लांबी ९९ ते १२० सेंमी, मांडी ६४ पर्यंत, बसलेली उंची ८१.५ ते ९६, हेही मोजतात, कारण पेडलपर्यंत पाय पोचायला हवेत. घरी टेपने मोजू नका, चुकतं.

सर्वात महत्त्वाचं: पायलट अभियोग्यता चाचणी (सीपीएसएस) आयुष्यात एकदाच. त्या दिवशी ताप असेल तर कळवा, तसंच बसू नका.

निवडीनंतर वायुदलात दुंडिगलच्या अकादमीत प्रशिक्षण, मग हेलिकॉप्टर मिळालं तर हकीमपेटला चेतक हेलिकॉप्टरवर. आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण आपल्या नाशिकला. कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच मे २०२२ मध्ये आर्मीच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या.

सोनचाफा
खूप खूप आभार! तिला वाचायला दिलं, जेवण सोडून वाचतेय.

स्वॉशप्लेट
ताई, पाठीचा व्यायाम आत्तापासून करायला सांगा. डावा हात कलेक्टिव्हवर, उजवा सायक्लिकवर, पाय पेडलवर, त्यामुळे बसणं किंचित वाकलेलं, वर सतत कंपन. बऱ्याच पायलटांची कंबर चाळिशीच्या आत बोलायला लागते.

जुहूकर
उशिरा आलो. निवृत्तीनंतरचं विचारणाऱ्यांसाठी: मुंबई हायला ऑफशोअर (समुद्रातल्या तेलविहिरींकडे) उडायचं तर दोन इंजिनांचे तास मोजतात. चीता-चेतकचे तास एका इंजिनाचे. ध्रुव किंवा एमआय-१७ या दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरांवर बदली मिळत असेल तर घ्या. एमआय-१७ मध्ये कॅप्टन डावीकडे बसतो, बहुतेक इतर हेलिकॉप्टरांत उजवीकडे, सवय मोडायला वेळ लागतो. डीजीसीएचे (नागरी उड्डाण नियामकाचे) पेपर आणि आरटीआर (रेडिओ परवान्याची परीक्षा) नोकरीत असतानाच द्या. लॉगबुकच्या (उड्डाणतासांच्या नोंदवहीच्या) पानांवर सही-शिक्का युनिटमधून निघण्याआधी घ्या, नंतर माणसं पांगतात.

गिरीशिखर
+१ लॉगबुकला. रात्रीचे तास वेगळ्या रकान्यात मांडलेत का तेही बघा.