सव्वासहा फुटी चालक आणि बुटकी प्रतिकृती स्पोर्ट्स कार: जागा कुठून काढावी?

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे)

नमस्कार. लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर पाइपांच्या चेसिसवर (सांगाड्यावर) बांधलेली एक उघडी दोन आसनी गाडी मी नुकतीच घेतली आहे. माझी उंची सव्वासहा फूट आहे. बसल्यावर मांड्या स्टिअरिंगच्या खालच्या कडेला टेकतात, पुढच्या काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांसमोर येते, आणि हेल्मेट घातले की डोके रोल बारच्याही (गाडी उलटल्यास डोके वाचवणाऱ्या, सीटमागच्या कमानीच्याही) वर जाते. एका गॅरेजने सीटची पाठ आणखी मागे कलती करण्याचा, तर दुसऱ्याने तळ कापून खाली घेण्याचा सल्ला दिला आहे. गाडी रविवारी सकाळी पाम बीच रस्त्यावर आणि अधूनमधून माळशेजपर्यंत नेण्याचा विचार आहे. यांपैकी कोणता मार्ग धरावा?

उत्तर (ऐरोली)

माझ्या मते दोन्ही नकोत, निदान सुरुवातीला तरी नकोत. आपण सांगितलेल्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे आपले बूड जमिनीपासून किती उंचीवर टेकते. ती उंची कमी झाली की डोके खाली येते, नजर काचेच्या पट्टीखालून रस्त्यावर जाते आणि मांड्यांनाही थोडी मोकळीक मिळते. म्हणून आधी सीट आणि तिच्या रेल काढून ठेवा, तळावर फोमची पातळ, घट्ट पट्टी टाकून बसा, आणि मग मोजमाप घ्या. गाडी एकटे आपणच चालवणार असाल, तर पुढेमागे सरकणाऱ्या रेलची गरजच उरत नाही. त्या गेल्या की काही सेंटीमीटर जागा फुकट मिळते.

त्यानंतर दोन भाग मिसळून फुगणाऱ्या फोमची सीट ओतून घ्यावी. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत मिश्रण ओतून, चालवण्याच्या नेमक्या स्थितीत, पाय पेडलवर आणि हात स्टिअरिंगवर ठेवून ते घट्ट होईपर्यंत स्थिर बसायचे असते. मिश्रण घट्ट होताना चांगलेच तापते, त्यामुळे थोडे थोडे ओतावे आणि अंगात जाड कपडे ठेवावेत. मऊ, जाड गादीचा मोह मात्र टाळा, कारण धडकेच्या वेळी शरीर त्या गादीत दबते आणि पट्टा तेवढा सैल पडतो.

मांड्यांसाठी लहान व्यासाचे किंवा खालून सपाट असलेले स्टिअरिंग बसवता येते. लहान चाक फिरवायला जड जाते हे खरे, पण इतक्या हलक्या गाडीत ते फारसे जाणवत नाही. चाक सहज काढता येईल असा जोड बसवलात, तर आत शिरणेही सुकर होईल.

उत्तर (वागळे इस्टेट)

तळ खाली घेण्याची युक्ती परदेशात रूढ आहे. १९७३ पासून सेव्हनचे हक्क असलेली केटरहॅम कंपनी खाली घेतलेला तळ पर्याय म्हणून देते, आणि उंच-रुंद माणसांसाठी तिने मोठ्या मापाची एसव्ही चेसिसही काढली. पण घोडबंदर रस्त्यावरील गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे पाहता, मुळातच जमिनीलगत असलेल्या गाडीचा तळ आणखी खाली नेणे म्हणजे पहिला आघात आपल्या सीटखालच्या पत्र्याने झेलणे होय. शिवाय चेसिसच्या नळ्या कापायच्या असतील, तर मोटार वाहन कायदा १९८८ मधील वाहनातील फेरफारांविषयीचे कलम ५२ वाचून आधी आरटीओत विचारणा करावी.

छताच्या गाड्यांत हाच प्रश्न वरून सोडवला गेला आहे. १९६७ साली फ्रान्समधील ल मां शर्यत जिंकणाऱ्या फोर्ड मार्क ४ च्या छताला तिचे उंच चालक डॅन गर्नी यांच्या हेल्मेटसाठी मुद्दाम फुगवटा दिला होता. आपल्या गाडीला छतच नाही, त्यामुळे डोक्याचे संरक्षण फक्त रोल बार करतो.

उत्तर (नेरुळ)

हाच मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसा आणि कोणाला तरी रोल बारच्या माथ्यावर सरळ पट्टी आडवी धरायला सांगा. हेल्मेटचा माथा त्या पट्टीच्या किमान ५ सेंटीमीटर खाली असायला हवा. सीट खाली घेऊनही तेवढे अंतर मिळत नसेल, तर रोल बारच उंच करून घ्यावा. तो मागे तिरक्या आधारांसह चेसिसला जोडलेला असला पाहिजे, नुसता बॉडीच्या फायबरला नव्हे.

पाठ फार कलती करण्याला माझा विरोध आहे. तसे केल्याने कमरेचा पट्टा ओटीपोटावर सरकतो आणि धडकेत शरीर त्याखालून पुढे घसरू शकते. खांद्याचे पट्टे मागे जवळपास खांद्याच्याच पातळीवर बांधलेले असावेत. ते तिथून तीव्र उतारावर खाली जात असतील, तर धडकेत मणक्यावर दाब येतो, आणि उंच माणसाच्या बाबतीत हे नेहमी घडते. सीट खाली गेली की हा कोनही आपोआप सुधारतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तळ कापण्याचा विचार सोडला आहे. या आठवड्यात रेल काढून, हेल्मेट आणि पट्ट्यांसह मापे घेतो. एक शंका उरते: सीट खाली आणि मागे गेल्यावर क्लच पूर्ण दाबताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, यासाठी पेडल बॉक्स (पेडल बसवलेली चौकट) हलवावा की आधी टाचेखालचा आधार बदलून पाहावा?

उत्तर (ऐरोली)

आधी टाचेचा आधार. पेडल बॉक्स हलवला की क्लचची केबल आणि ब्रेकच्या नळ्या पुन्हा बसवाव्या लागतात. अरुंद, पातळ तळव्याचे बूट घालूनच ही चाचणी करा. सेव्हनमध्ये पेडल अगदी खेटून असतात आणि मोठ्या पावलाने ब्रेकसोबत ॲक्सिलरेटरही दाबला जातो.