"विषय आला की शिकवता येतं" म्हणे!

टाचणवही:
काल 'वर्कशॉपवाला' यांनी लिहिलं: "विज्ञान-गणिताच्या शिक्षकांची प्रशिक्षणं बंद करा. विषय पक्का असला की शिकवता येतं. इंजिनीयर पाठवा वर्गात, आठवड्यात फरक दिसेल." दोन ओळींत उत्तर देणार होते, जमलं नाही.

एकोणीस वर्षं गणित शिकवतेय. पहिल्या वर्षी माझाही विषय पक्काच होता. फळ्यावर पावणेदोन भागिले अर्धा. एका मुलीने लिहिलं सात अष्टमांश. मी फुली मारली, "उलटा करून गुणा" परत एकदा सांगितलं आणि पुढे सरकले. तिने अर्ध्याने भागलं नव्हतं, अर्धं केलं होतं! हे माझ्या डोक्यात शिरायला चार वर्षं गेली. तोवर किती वह्यांवर फुल्या मारल्या, देव जाणे.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 साली हेच मांडलं. विषय येणं वेगळं आणि तो विषय मुलांना नेमका कुठे अडतो, तिथे काय करायचं, हे येणं वेगळं. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांचा 1999 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर नेमक्या याच भागाकारावर आहे. 72 चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांनी तो बरोबर सोडवला. अमेरिकेतल्या 23 जणांपैकी फक्त एकाला त्यावर अर्थाला धरून शाब्दिक उदाहरण रचता आलं.

वर्कशॉपवाला:
चार वर्षं लागली म्हणता, म्हणजे प्रशिक्षण घेऊनही लागलीच की! माझाच मुद्दा झाला.

मी एका रोबोटिक्स प्रशिक्षणाला मदतनीस म्हणून गेलो होतो. दोन दिवस, चाळीस शिक्षक. कुठली वायर कुठे, हे स्लाइडवर. मग प्रमाणपत्रं, मग फोटो. सहा महिन्यांनी किट बघितले ते कपाटात, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. याला तुम्ही प्रशिक्षण म्हणता?

आणि त्या भागाकाराचं एवढं काय? पावणेदोन लिटर पाणी, अर्ध्या लिटरच्या बाटल्या. तीन भरल्या, पाव लिटर उरलं. सव्वातीन. झालं शिकवून.

शंकेखोर:
सव्वातीन??

पाचवा बाक:
बरोबर आहे की त्यांचं. पाव उरलं ना? मग सव्वा. उगाच कीस काढू नका.

चुंबक:
मूळ मुद्द्यावर बोलू का? मी भौतिकशास्त्रात एमएस्सी. एका प्रशिक्षणात बाईंनी हातात एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर दिली. होल्डर नाही. म्हणाल्या, पेटवा. मला अकरा मिनिटं लागली. आयुष्यभर होल्डरमधला बल्ब पाहिलेला, त्यामुळे बल्बला जोडायच्या दोन जागा असतात, एक बुडाशी आणि एक धातूच्या कडेला, हे कधी हाताला कळलंच नव्हतं. परिपथाची आकृती मात्र झोपेत काढली असती. त्या बाईंनी पूर्ण वेळ तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नंतर वर्गात मीही गप्प बसायला शिकलो. त्यामुळे कपाटातल्या किटवरून सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

कर्कटक:
उलटा करून गुणा, हेच आम्ही पाठ केलं आणि आमचं काही अडलं नाही. आमच्या पिढीने बांधलेले पूल उभे आहेत. सगळं 'समजून' शिकायचं म्हणत हल्लीच्या मुलांना पाढेही येईनात. आधी कॅल्क्युलेटर काढून घ्या, मग प्रशिक्षणाचं बोला.

शंकेखोर:
पूल सव्वातीनच्या हिशोबाने बांधले नसतील अशी आशा आहे.

कर्कटक:
मी कुठे म्हटलं सव्वातीन? वाचता येत नसेल तर लिहू नका.

टाचणवही:
उरलं पाव लिटर, हे खरं. पण प्रश्न 'किती बाटल्या' असा आहे. पाव लिटर म्हणजे अर्धी बाटली. म्हणून साडेतीन. लिटर मोजता मोजता एकक बदललं आणि कळलं नाही. वर्कशॉपवाले, हे उत्तर माझ्या वर्गात दरवर्षी येतं, आणि ढ मुलांकडून नाही. चार हुशार मुलं छातीठोकपणे सव्वातीनच सांगतात. तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?

वर्कशॉपवाला:
ठीक आहे, साडेतीन. रात्री घाईत लिहिलं, आता मला फळ्यावर टांगा. पण मा यांच्या अभ्यासातली एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे गाळलीत. त्या चिनी शिक्षकांचं एकूण शिक्षणच अकरा-बारा वर्षांचं होतं. पदव्या अमेरिकनांकडे जास्त. मग तुमच्या त्या पदव्यांचा उपयोग काय?

टाचणवही:
गाळलं, मान्य. पदवीची वकिली मी केलेलीच नाही म्हणा. ते शिक्षक पाठ्यपुस्तक उघडून एकमेकांसोबत बसायचे, एकेका धड्यावर काथ्याकूट करायचे, तेही नोकरीत असताना, वर्षानुवर्षं. दोन दिवसांची स्लाइडवाली कार्यशाळा त्यात बसत नाही, हे तुमचं खरं. इंजिनीयर बसतात. फक्त त्यांनीही त्या गटात बसावं आणि सव्वातीनचं काय करायचं ते बोलावं.

वर्कशॉपवाला:
टोमणा पोचला. तेवढा वेळ शिक्षकांना देणार कोण, हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

चुंबक:
माझा बल्ब कुणी वाचलाच नाही वाटतं.

पाचवा बाक:
आत्ता मुलाला विचारलं. तो म्हणाला तीन. अर्ध्या भरलेल्या बाटलीला बाटली कोण म्हणतं, असं उलट मलाच विचारलं. आता बोला.