मदत हवी आहे: ॲल्युमिनियमचा रेट नाचालाय, पीआयडी जमेना

मच्छे_व्हॅक्यूम: शुक्रवारी माल द्यायचाय. व्हॅक्यूममध्ये ॲल्युमिनियमची वाफ करून मालावर थर चढवालोय, आणि रेट, म्हणजे थर चढायचा वेग, ४ ते १७ झुलालाय. सेटपॉइंट, म्हणजे हवा तो रेट, १०. पॉवर आपोआप कमीजास्त करणाऱ्या पीआयडी कंट्रोलरचा पी (चूक दिसली की किती जोरानं सुधारायचं तो आकडा) वाढवून बघितला, कमी करून बघितला, कंट्रोलरलाच आकडे शोधायला लावणारं ऑटोट्यूनपण मारलं. कुणाकडं चालणारे आकडे असतील तर टाका. थिअरी नको.

खानापूरकर: आकडे कसले मागालास? धातू तापवायला बोट (विजेनं तापणारी पन्हळ) की ई-बीम (इलेक्ट्रॉनचा झोत)? रेट अँगस्ट्रॉमचाच (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) ना? रेट मोजणारा क्रिस्टल किती जुना?

मच्छे_व्हॅक्यूम: टंगस्टन बोट. अँगस्ट्रॉम प्रति सेकंदच, आणि काय असणार? क्रिस्टल परवा बदललाय.

उद्यमबाग_काका: आमच्या फाउंड्रीत भट्टीचं टेम्परेचर असंच नाचायचं. पीआयडीतला डी (बदलाच्या वेगावर चालणारा आकडा) दुप्पट केला, गप्प बसली.

खानापूरकर: काका, भट्टीला तापमान मोजायला थर्मोकपल असतंय. इथं थर चढेल तशी ६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी किती उतरली त्यावरून रेट काढतात. सिग्नल मुळातच खरखरीत, डी घातला की खरखर आणखी वाढते. मच्छे, तू डी शून्य ठेव रे.

उद्यमबाग_काका: तीस वर्षं भट्ट्या चालवल्यात मी. झीगलर-निकोल्सची पीआयडी ट्यून करायची पद्धत १९४२ पासून हाय, वाचा जरा.

निपाणीचा_वायरमन: स्टॅबिलायझर घाला. आमच्याकडं शेतपंप चालू झाले की व्होल्टेज पडतंयच.

टिळकवाडी_फिजिक्स: आधी पीआयडी बंद करा. मॅन्युअलवर पॉवर स्थिर ठेवून दोन मिनिटं रेट बघा. तरीही झुलला तर आकडे बदलून उपयोग नाही, बोट बघा. वितळलेलं ॲल्युमिनियम कडेला चढतं, टंगस्टनही खातं. ऑटोट्यून कुठल्या रेटला केलं होतं?

मच्छे_व्हॅक्यूम: २ ला. माल कशाला जाळायचा म्हटलं.

टिळकवाडी_फिजिक्स: हे आधी सांगायचं ना! तापमान जरा वाढलं की बाष्पदाब झपाट्यानं चढतो. तेवढीच पॉवर वाढवली तर १० ला रेट २ च्या मानानं साधारण पाचपट हलतो. तिथला पी इथं फार होणारच. पाचव्या हिश्श्यावर आणा, मग १० लाच ट्यून करा. आणि तुमच्या कंट्रोलरवर नक्की काय भरायचं असतं ते बघा. काहींत प्रोसेस गेन (पॉवर बदलली की रेट किती हलतो तो आकडा) असतो, तो आकडा वाढवला की कंट्रोलर उलट मवाळ होतो.

हुक्केरीकर: घरच्या आरशाला परत पॉलिश करून मिळेल काय?

खानापूरकर: टिळकवाडी मॅडम, शटर (बोटीवरचं झाकण) उघडल्यावरची रेटची पहिली उडी क्रिस्टल तापल्याचीपण असते. क्रिस्टल थंड ठेवणारं पाणी चालू हाय काय ते विचारा त्याला.

मच्छे_व्हॅक्यूम: पाणी चालू हाय. मॅन्युअलवर ९.७ ते १०.४, बोट बरी म्हणायची. पी खाली आणला, आता ९ ते ११ त हाय. १० ला परत ट्यून करायला लावलंय.

उद्यमबाग_काका: डी घातलास काय?

मच्छे_व्हॅक्यूम: नाही काका.