कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन चेन पुलीशिवाय कसं उतरवायचं?

गारगोटीकर
वडिलांची १९९२ ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे. खालून ठोक्याचा आवाज येतो, गाडी तापली की वाढतो. गावातल्या मिस्त्रींनी ऐकून सांगितलं, कनेक्टिंगचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय. क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) कोल्हापूरला उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घेणार आहे. अख्खी गाडी टेम्पोने न्यायची तर भाडं फार होतं, शिवाय वडिलांच्या गाडीचं इंजिन स्वतः खोलायची इच्छा आहे. घरी मी आणि धाकटा भाऊ. पाने सगळे आहेत, जड वजन उचलायची चेन पुली नाही. सोप्यातल्या तुळईवरून दोर टाकून इंजिन वर ओढावं म्हणतोय. जमेल का?

आडवी_गाडी
दोर कशाला? टाकी आणि बॅटरी काढा, तेल काढा, खाली जुने टायर टाकून गाडी आडवी करा. इंजिन चेसीला धरणारे फाउंडेशन बोल्ट काढले की इंजिन जमिनीवर राहतं आणि चेसी दोघांनी उचलून बाजूला ठेवायची. माझ्या पल्सरचं असंच उतरवलं.

डेपोवाले_काका
तुळईला दोर बांधू नका, हे आधी सांगतो. तिच्यावर कौलांचा भार आहे. तिला मधोमध झोके खाणारं वजन लावायचं आणि खाली धाकटा भाऊ उभा करायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

गाडी आडवी करणं हलक्या इंजिनाला ठीक आहे. बुलेटला मी ते करणार नाही. डावीकडे पाडली तर उघड्या क्रँकच्या टोकावर भार येतो, उजवीकडे पाडली तर टायमिंग कव्हरवर.

तुमच्या गाडीत एक मोठी सोय आहे. या चेसीला इंजिनाखालून पाइपच नाही. पुढचा पाइप खाली येऊन पुढच्या प्लेटांपाशी संपतो, त्यापुढे इंजिन हेच चेसीचं काम करतं. म्हणजे इंजिन वर ओढायचं नसतं, खालून टेकू देऊन बाजूने काढायचं असतं. आणि हेड (इंजिनाचं वरचं झाकण) व ब्लॉक (पिस्टन फिरतो तो सिलिंडर) गाडीवरच निघतात. ब्लॉक बिडाचा (कास्ट आयर्नचा), म्हणून जड. तो आधी उतरला की उरलेलं ॲल्युमिनियमचं चेंबर, म्हणजे क्रँक बसते ते खालचं घर, क्रँकसकट दोघांना झेपतं.

पण काहीही उतरवण्याआधी डाव्या बाजूचे मोठे नट ढिले करा. माणसं इथेच अडकतात. चेंबर एकदा जमिनीवर आलं की क्रँक धरून ठेवायला काही उरत नाही, मग छिन्नी-हातोडा सुरू होतो आणि आटे जातात. क्रँक आणि क्लचमधल्या चेनचं कव्हर मधल्या एका नटावर आहे. ब्रेकचं पायडल आणि फूटरेस्ट आड येतात, ते काढा. गाडी टॉप गिअरमध्ये टाका, मागची चेन चढवलेलीच असू द्या. पायडल निघालेलं असतं, म्हणून भावाने मागच्या चाकापाशी ब्रेकचा दांडा हाताने पुढे ओढून धरायचा. आधी क्रँकवरचा नट ढिला करा, तोवर क्लच उघडू नका. मग क्लचच्या स्प्रिंगा, प्लेटा काढून मधला नट. पुढचं स्प्रॉकेट, चेन आणि क्लच एकदमच बाहेर येतात. अल्टरनेटरच्या वायरींना खुणेच्या चिंध्या बांधा.

त्यानंतर टाकी, सायलेन्सरचा बेंड पाइप, कार्ब्युरेटर, हेडला चेसीशी जोडणारी पट्टी, हेड, ब्लॉक. पिस्टनची क्लिप काढताना चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा.

गाडी डबल स्टँडवर, हँडल दोन्ही बाजूंनी खांबांना बांधलेलं. चेंबरखाली जीपचा जॅक, मध्ये लाकडाची फळी, जॅकचं लोखंड ॲल्युमिनियमला थेट लागू देऊ नका. भार जॅकवर आला की पुढच्या प्लेटा काढा. गिअरबॉक्स मागच्या प्लेटांत जागेवर राहू दे. तो चेंबरला मागून चार स्टडवर धरलेला असतो. ते नट काढले की चेंबर सरळ पुढे सरकवायचं आणि मगच बाजूला. तिरकं ओढलं तर स्टड वाकतात.

गारगोटीकर
काका, तुळईचा विचार सोडला. बसवताना हाच क्रम उलटा का? आणि टायमिंग साइड (इंजिनाची उजवी बाजू) घरी खोलू की तशीच नेऊ?

रॉकरबॉक्स
टायमिंग साइड तशीच न्या. ऑइल पंप फिरवणाऱ्या वर्मचे (क्रँकच्या टोकावरच्या स्क्रूसारख्या गिअरचे) आटे उलटे आहेत, तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. सवयीने उलटा जोर लावून तो मोडलेला मी पाहिला आहे.

डेपोवाले_काका
क्रम उलटाच, पण घाई चढवताना होते म्हणून सांगतो. जॅक थोडा थोडा वर घ्या, आधी चार स्टड जुळवा. भोक जुळेना तर निमुळती सळई घालून जुळवा, बोल्टच्या डोक्यावर हातोडा नको. सगळे बोल्ट आत जाईपर्यंत एकही नट आवळू नका. मग आवळा. हेडवरची पट्टी सगळ्यात शेवटी, नाहीतर तिथे ताण राहतो आणि ती पट्टी तुटत राहते. चालू करण्याआधी हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बोल्ट ढिला करून, डीकॉम्प्रेसर (किक हलकी करणारा लिव्हर) दाबून, तेल दिसेपर्यंत किक मारत राहा. नवं बेअरिंग कोरडं फिरता कामा नये.

आणि एसटीने नेणार असाल तर कनेक्टिंग जुन्या ट्यूबच्या पट्टीने चेंबरच्या स्टडना बांधा, तोंड फडक्याने बंद करा. नाहीतर गारगोटी ते कोल्हापूर ते चेंबरच्या कडेवर आपटत जाईल.